पुस्तक नागझिऱ्याचे, मुक्काम नवेगावचा

दिवाळी जवळ आली आणि फराळाचे डबे भरू लागले, की सुट्टीत कोठे जावयाचे हा प्रश्न घरोघर निघतो. ज्याची जशी ऐपत तसा त्याचा वाद. अटलांटिक महासागरात पोर्तुगालची दोन द्वीपकुले आहेत, मदेइरा आणि अझोर्स. यांपैकी सुट्टीला कोठे जावे यावर तिकडचे लोक हिरीरीने भांडतात. मदेइरा हे नाव ऐकून कोणी भलता अर्थ काढू नये. तेथील गोड मद्य जगात प्रसिद्ध आहे हे खरे. पण पोर्तुगीज भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता 'लाकूड' असा आहे. बेटावरचे दाट रान पाहून ते नाव पडले. अझोर्सचे नाव एका शिकारी पक्ष्यावरून आले असे सांगतात. म्हणजे एक बेट झाडांचे आणि दुसरे पाखरांचे. निवड कठीण जावी यात नवल नाही.

आमच्या भंडाऱ्याला समुद्र नाही. वैनगंगा आहे, तलाव आहेत, आणि धानाच्या बांध्या आहेत. तरीदेखील नेमका हाच वाद आमच्याकडे गेली कित्येक वर्षे चालू आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे भाऊबीजेला येतात आणि विचारतात, नागझिरा पाहावा की नवेगावबांध? दोन्ही पाहण्याइतकी सुट्टी कोणालाच नसते. भंडाऱ्याहून महामार्गाने पूर्वेला निघाले की साकोली लागते. तेथून एक वाट उत्तरेला नागझिऱ्याच्या रानात शिरते. त्याच महामार्गाने आणखी पुढे जाऊन कोहमाऱ्याला दक्षिणेकडे वळले की नवेगावबांधचा तलाव येतो. चहूकडे शेते, खेडी, रस्ते आणि मध्ये रान. ही बेटेच आहेत म्हणा ना! त्यांतलेही एक झाडांचे, दुसरे पाखरांचे.

हा वाद मी प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकातून न सोडवता वाङ्मयाच्या पानावर आणीत आहे, याला कारण आहे. ही दोन्ही ठिकाणे मराठी माणसाला रस्त्याने कळली नाहीत, पुस्तकांनी कळली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले आणि मारुती चितमपल्लींनी 'नवेगावबांधचे दिवस'. त्याआधी विदर्भाच्या या पूर्व टोकाला, ज्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो, उरलेल्या महाराष्ट्राच्या मनात फारशी जागा नव्हती. शाळेच्या भूगोलात भंडाऱ्याच्या वाट्याला पितळी भांडी, धान आणि तलाव एवढ्या तीन ओळी येत. या दोन पुस्तकांनी त्या तीन ओळींचा प्रदेश केला. तेव्हा पाहुणा नागझिरा की नवेगाव असे विचारतो, तेव्हा कळत नकळत तो माडगूळकर की चितमपल्ली असेच विचारीत असतो. उत्तर द्यायचे तर आधी ही पुस्तके तोलून पाहिली पाहिजेत.

आणखी एक बाब आरंभीच सांगून टाकतो. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. नवेगावबांध आणि नागझिऱ्याचा बराचसा भाग वाटणीत तिकडे गेला. नागझिऱ्याचे पिटेझरीचे दार तेवढे अजून आमच्या साकोली तालुक्यात आहे. पण दोन्ही लेखकांनी पाहिला तो अखंड भंडारा जिल्हा होता, आणि पुस्तकांच्या पानांवर सात-बाराचा उतारा चालत नाही. मी दोन्ही ठिकाणांना 'आमची' म्हणतो ते या अधिकाराने. गोंदियाकरांनी राग मानू नये.

आता माडगूळकर. हा माणदेशचा लेखक. सांगली जिल्ह्याच्या आटपाडीकडचा तो मुलूख कोरडा, उघडा, दुष्काळाने भाजलेला. 1955 साली 'बनगरवाडी' लिहून त्यांनी त्या माळाला मराठी कादंबरीत कायमचे घर दिले. पुढे पुण्याला आकाशवाणीवर नोकरी केली. शिकारीचा नाद होता. कालांतराने बंदूक गेली आणि दुर्बीण आली. मग एक इच्छा मनात घर करून बसली, की एखादे रान निवडावे, तेथे बरेच दिवस मुक्काम ठोकावा, पायी भटकावे आणि दिसेल ते पाहावे. ते रान म्हणजे नागझिरा.

झिरा म्हणजे झरा, जमिनीतून आपोआप पाझरणारे पाणी. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बांबू यांच्या गर्दीत एक तळे, भोवती लहान टेकड्या, आणि रात्री विजेचा दिवा नाही. माळावरचा माणूस अशा ठिकाणी येऊन बसला तर काय लिहील? दुसरा कोणी असता तर विशेषणांचा पाऊस पाडला असता. माडगूळकर तसे करीत नाहीत. त्यांचे वाक्य माणदेशी माणसासारखेच आहे, अंगावर जास्तीचे मांस नसलेले. वानरांचा कळप, गवे, चितळ, रानकुत्री, पाणवठ्यावरची पाखरे यांपैकी कोणालाही ते सजवीत नाहीत. चित्रकला त्यांच्या हातात होती, आणि चित्रकाराला ठाऊक असते की कागद जितका मोकळा सोडावा तितकी रेघ बोलते. त्यांच्या गद्यातही असा मोकळा कागद पुष्कळ आहे.

'नागझिरा' या पुस्तकाचे मोठेपण मला असे वाटते की त्यात लेखक काही मिळवायला गेलेला नाही. आपली बहुतेक प्रवासवर्णने मिळकतीच्या हिशेबाने लिहिलेली असतात: अमुक पाहिले, तमुक खाल्ले, इतक्या फुटांवर चढलो. येथे वाघ दिसला नाही तर दिवस वाया गेला असे लेखकाला वाटत नाही. पाहणे हेच काम, आणि ते नीट झाले की दिवस भरला. सुट्टी म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला मराठीत आढळलेली नाही. गंमत अशी की ती व्याख्या कोठे केलेली नाही, जगून दाखवलेली आहे.

दुसरे पुस्तक अगदी वेगळ्या माणसाचे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. म्हणजे तेही कोरड्या मुलखातून आलेले. आमच्या ओल्या, झाडोऱ्याच्या जिल्ह्याला डोळे भरून पाहणारे दोघेही अवर्षणाच्या भागातले असावेत, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. ज्याच्या घरी आड आटतो त्यालाच भरल्या तलावाची किंमत कळते. आम्ही मात्र बांधावर म्हशी धुवायला नेत होतो.

चितमपल्ली कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकले आणि वनखात्यात त्यांनी छत्तीस वर्षे नोकरी केली. नवेगावबांधला ते सुट्टीवर आले नव्हते. बदलीवर आले होते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. माडगूळकरांना रान आवडले नसते तर त्यांनी पिशवी भरून साकोलीची वाट धरली असती. बदली झालेल्या माणसाला ती सोय नाही. त्याला पावसाळा काढावा लागतो, गावच्या पाटलाशी बोलावे लागते, धीवरांशी, गोंडांशी, कोहळ्यांशी रोजचा संबंध येतो. म्हणून 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकात रानाइतकीच माणसे आहेत. नवेगावचे माधवराव पाटील हे तर त्या पुस्तकाचे अर्धे प्राणच. रानाची अशी कोणतीही खूण नाही की जी या पाटलांना वाचता येत नव्हती. आणि शिकलेल्या वनाधिकाऱ्याने त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसावे, हा त्या पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग आहे.

शिवाय नवेगावचे पाणी हे नागझिऱ्याच्या पाण्यासारखे आपोआप आलेले नाही. ते माणसांनी अडवलेले आहे. आमच्या जिल्ह्यातले तलाव कोहळी समाजाने बांधले. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. बांध पुरा करायला त्यांनी हात लावला अशी श्रद्धा आहे. कोलू पाटील वारल्यावर लोकांनी त्यांना कोलासुर म्हणून देवपण दिले. तलावाच्या पोटात मालडोंगरी नावाचे बेट आहे. ज्यांना सुट्टीत बेटच पाहिजे असेल त्यांच्यासाठी हे खरेखुरे, चहूकडून पाण्याने वेढलेले बेट आहे. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

मघाच्या मदेइराची येथे पुन्हा आठवण होते. त्या बेटाचा एक भाग पावसाचा, दुसरा कोरडा. तेथल्या माणसांनी शतकानुशतके खपून डोंगराच्या कडेने लांबच लांब पाट खोदले आणि पावसाकडचे पाणी कोरड्या शेतांकडे नेले. या पाटांना ते 'लेवादा' म्हणतात. आज प्रवासी मदेइराला जातात ते मुख्यतः या पाटांच्या काठाने पायी चालायला. शेतकऱ्याने पोटासाठी केलेले काम पाहुण्याला सहलीची वाट झाले. आमचे बांध नेमके असेच आहेत. धानाला पाणी मिळावे म्हणून रचलेल्या मातीच्या पाळीवरून चालताना एका बाजूला पाणपाखरे आणि दुसऱ्या बाजूला कापणीला आलेले पीक दिसते. अशी वाट जगात फार ठिकाणी नाही.

चितमपल्लींचे सर्वांत मोठे देणे म्हणजे शब्द. पाखरांची, माशांची, झाडांची जी नावे धीवराच्या आणि गोंडाच्या तोंडी होती ती त्यांनी वेचली आणि छापील मराठीत आणली. पुढे 'पक्षिकोश' झाला तो याच वेचणीतून. शहरातल्या वाचकाला 'एक पक्षी उडाला' एवढेच म्हणता येत होते. चितमपल्लींनंतर त्याला कोणता पक्षी ते सांगता येऊ लागले. सारस पक्ष्यांची जोडी धानाच्या बांधीत उभी आहे हे दृश्य आज महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याकडेच पाहायला मिळते. त्या जोडीकडे आदराने पाहण्याची दृष्टी ज्यांनी दिली त्यांत चितमपल्ली अग्रभागी आहेत. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, 2025 साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. माडगूळकर 2001 सालीच गेले होते. आता दोन्ही पुस्तकांचे मालक आपण वाचक.

गुणगान पुरे. समीक्षकाने केवळ ओवाळणी घालून चालत नाही.

माडगूळकरांच्या पुस्तकाचा दोष असा, की त्यांच्या रानात आमचा माणूस पातळ आहे. मोह वेचणारी बाई, तेंदूपत्ता तोडायला उजाडण्यापूर्वी निघालेले कुटुंब, लाख आणि कोसा गोळा करणारा माणूस यांच्याशिवाय झाडीपट्टीचे रान मला ओळखू येत नाही. माडगूळकरांना हवा होता एकांत, आणि एकांत हवा असलेल्या माणसाच्या चित्रात दुसऱ्याला जागा थोडी. ज्या लेखकाने बनगरवाडीतल्या प्रत्येक धनगराला चेहरा दिला, त्याने नागझिऱ्यात चेहरे दिले ते बहुधा जनावरांना. मी याला अन्याय म्हणत नाही. पाहुण्याच्या नजरेची ती मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेत राहण्याचा प्रामाणिकपणाही त्यात आहे. चार दिवसांत गोंडांचे अंतरंग कळले असे सांगणाऱ्या लेखकांपेक्षा हे मौन बरे.

चितमपल्लींचा दोष उलट्या बाजूचा. ते लोकांत इतके मिसळतात की लोकांनी सांगितलेले आणि स्वतः पाहिलेले यांच्यामध्ये कुंपण घालीत नाहीत. एखाद्या पाखराच्या वागण्याची नोंद आणि त्याच पाखराविषयीची जुनी समजूत ही शेजारी शेजारी, एकाच सुरात येतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच खरी वाटू लागतात. विज्ञानाची माणसे यावरून त्यांच्यावर रागावली, आणि तो राग मला अनाठायी वाटत नाही. मूल हे पुस्तक वाचून शाळेत एखादी समजूत निरीक्षण म्हणून सांगेल आणि शिक्षक त्याला खोडून काढतील. आईबापांनी वाचताना एवढे सांगावे, की यातले काही डोळ्यांनी पाहिलेले आहे आणि काही शेकोटीपाशी ऐकलेले आहे. दोन्ही गोड आहे, पण दोन्ही एक नव्हे.

वाङ्मय म्हणून तोलायचे तर माझा कौल 'नागझिरा'कडे आहे. तेथे एक शब्द काढला तर वाक्य पडेल अशी रचना आहे. चितमपल्लींच्या पुस्तकातली चार पाने इकडची तिकडे झाली तरी चालतील. ते भरलेले कोठार आहे, घडवलेली मूर्ती नव्हे. येथवर निकाल सोपा होता. पण पुस्तक जिंकले म्हणून ठिकाण जिंकते असे नाही, आणि माझे खरे म्हणणे येथूनच सुरू होते.

'नागझिरा' वाचून भारावलेला वाचक नागझिऱ्याला जातो तेव्हा काय होते? पुस्तकाचा सगळा जीव पायी भटकण्यात आहे, आणि आज त्या रानात पायी भटकता येत नाही. 1970 साली नागझिरा अभयारण्य झाले. 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. आणि डिसेंबर 2013 मध्ये ही दोन्ही राने, नवीन नागझिरा आणि आमच्या जिल्ह्यातले कोका यांसह, एकाच व्याघ्रप्रकल्पात आली. क्षेत्र साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. व्याघ्रप्रकल्पाचे नियम कडक असतात आणि असलेच पाहिजेत. पाहुण्याने गाडीत बसायचे, सोबत वाटाड्या घ्यायचा, ठरलेल्या वेळी आत जायचे, ठरलेल्या वेळी बाहेर यायचे आणि खाली उतरायचे नाही. माडगूळकर दिवसेच्या दिवस जे धिमेपणाने पाहत होते ते पाहायला आता काही तास मिळतात. त्या तासांत गाडीतला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारीत असतो: वाघ कोठे आहे?

या प्रश्नाने दोन गोष्टी बिघडतात, सुट्टी आणि वाचन. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसलेली मुले मी साकोलीच्या बसस्थानकावर पाहिली आहेत. सकाळपासून त्यांनी गवा पाहिला होता, रानकुत्री पाहिली होती, स्वर्गीय नर्तकाची शेपटी पाहिली होती. पण जमाखर्चात सगळे शून्य. घरी जाऊन त्यांचे वडील म्हणणार, पुस्तकात फुगवून लिहिले आहे. पुस्तकात फुगवलेले काहीच नाही. पुस्तकाने मागितले होते धीमे पाय, आणि आपण नेले डिझेलचे इंजिन.

वाघाचा विषय निघालाच आहे तर त्याच्याही बाजूने बोलले पाहिजे, कारण बेटांची निवड त्यालाही करावी लागते. रॉबर्ट मॅकऑर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1967 साली बेटांवरील जीवसृष्टीविषयी एक सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. बेट जितके लहान आणि दुसऱ्या भूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावर टिकणाऱ्या जाती कमी, हा त्याचा गाभा. पुढे लोकांच्या ध्यानात आले की शेतांनी वेढलेल्या रानालाही हाच नियम लागतो. नागझिरा अभयारण्य सुमारे 153 चौरस किलोमीटर, नवेगाव राष्ट्रीय उद्यान सुमारे 134. एका वाघाच्या घराण्याला ही अंगणे अपुरी. दोहोंच्या मधून महामार्ग जातो, ज्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. रानाच्या ज्या पट्ट्यातून जनावरे इकडून तिकडे जातात तो तुटला, तर दोन्ही बेटे हळूहळू ओस पडतील.

जय नावाच्या वाघाची गोष्ट विदर्भात लहान मुलांनाही ठाऊक आहे. तो नागझिऱ्यात जन्मला. 2013 साली त्याने आपले बेट सोडले, आणि रस्ते, शेते, नदी ओलांडीत तो उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात पोचला, जे आमच्या पवनी तालुक्यापर्यंत पसरलेले आहे. तेथे त्याने संसार मांडला आणि त्याच्या नावावर ते रान देशभर गाजले. एप्रिल 2016 नंतर तो कोणाला दिसला नाही. पुढे 2023च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. म्हणजे एका बेटावरून निघालेला वाघ पायी गेला, आणि त्या बेटावर आलेल्या वाघिणींना वाहनातून आणावे लागले. बेटांमधली वाट किती अरुंद झाली आहे याचे याहून बोलके उदाहरण शोधायला नको.

म्हणून मी पाहुण्यांना सांगतो, की पुस्तक नागझिऱ्याचे घ्या आणि मुक्काम नवेगावचा करा. यात विसंगती वाटेल, पण नाही. माडगूळकरांनी शिकवलेली पाहण्याची रीत आज जेथे थोडीफार आचरता येते ते ठिकाण नवेगाव आहे. तेथेही राखीव रानाला नियम आहेतच. परंतु तलावाच्या काठी बसता येते, बांधावरून आजोबांना आणि नातवाला एकाच चालीने चालता येते. पाण्यावरची पाखरे वाघासारखी लपत नाहीत. मुलाला दुर्बीण द्या, वही द्या, आणि दिसेल त्या पाखराचे नाव तेथल्या धीवराला विचारायला सांगा. नाव वहीत उतरले की चितमपल्लींचे पुस्तक त्याच्या हातून पुढे लिहिले जाऊ लागले असे समजा.

ऋतूचाही हिशेब आहे. पावसाळ्यात राने बंद असतात आणि दसऱ्याच्या सुमाराला उघडतात. दिवाळीत झाडी दाट असते, गवत उंच असते, पाणी जागोजाग असते. जनावरांना पाणवठ्यावर येण्याची गरज नसते. नागझिरा त्या दिवसांत सुंदर असतो पण अबोल असतो. त्याचे दिवस चैत्र-वैशाखाचे, पानगळ झाल्यानंतरचे, पाणी थोडे उरल्यानंतरचे. उलट दिवाळीत तलाव काठोकाठ भरलेला असतो, आणि त्यानंतरच्या थंडीत उत्तरेकडची बदके येऊ लागतात. शिवाय दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाही तर नाटक. पहाटेपर्यंत चाललेले नाटक पाहून सकाळी बांधावर पाखरे पाहायला गेलात तर जांभया येतील, एवढाच धोका. नागझिऱ्याच्या गाडीत बसलेल्या पाहुण्याला आमची माणसे खिडकीतून दिसतात. मंडईत ती शेजारी बसून चिवडा खातात.

काही मित्र म्हणतात, 'तुम्ही नागझिऱ्याचे गिऱ्हाईक तोडता.' तसे नव्हे. ज्याला एकट्याने, गप्प राहून, वाघाची अपेक्षा दाराबाहेर ठेवून आत जाता येईल त्याने वैशाखात जरूर नागझिऱ्याला जावे. पण सहकुटुंब, डब्यात चकल्या आणि बरोबर धाकटी भावंडे घेऊन निघालेल्या मंडळींनी तेथे जाऊन रानालाही त्रास देऊ नये आणि स्वतःही निराश होऊ नये. जागा चांगली की वाईट हा प्रश्नच नसतो. आपण कोणत्या पायांनी जाणार आहोत, हे आधी ठरवावे लागते.

आणि शेवटी आमच्या भागाच्या लोकांसाठी चार शब्द. माणदेशचा पाहुणा आला आणि त्याने आमचे रान लिहिले. सोलापूरचा अधिकारी आला आणि त्याने आमचा तलाव लिहिला. दोघांचे ऋण मोठे आहे. पण ज्या बाईने पहाटे मोह वेचला, ज्या कोहळ्याच्या पणजोबाने बांधाची माती डोक्यावरून वाहिली, ज्या धीवराला पाण्याच्या रंगावरून मासा कळतो, त्यांच्या घरातल्या मुलाने लिहिलेले तिसरे पुस्तक मला या दोन पुस्तकांच्या शेजारी ठेवायचे आहे. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आमची झाडीबोली ही लिहिण्याजोगी भाषा आहे हे दाखवून दिलेले आहे. शब्द तयार आहेत, तलाव भरलेले आहेत, आणि व्याघ्रप्रकल्पाच्या दाराशी वाटाडे म्हणून उभ्या असलेल्या पोरांना रानाची खडान्‌खडा माहिती आहे. पाहुणे त्यांना वाघ कोठे आहे एवढेच विचारतात. यंदा तुम्ही गेलात तर दुसरे काहीतरी विचारा. त्यांच्यापैकी एखाद्याला आपल्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे हे त्या प्रश्नाने उमजले, तर ते तिसरे पुस्तक फार लांब नाही.